घरी सगळं येतं, पेपरात सुचत नाही

दिवाळी झाली की बारावीची मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊ लागतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं : "घरी सगळं येतं, पेपरात सुचतच नाही." आईवडील त्याला "अभ्यासात लक्ष नाही" अशी पुस्ती जोडतात.

गेल्या वर्षी कोथरूडहून अशीच एक मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गणिताच्या सहा वह्या भरलेल्या, पण क्लासच्या सराव परीक्षेत निम्मी गणितं कोरी. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर घडलेली. परीक्षेपेक्षा परीक्षेबद्दलचा आपला विचार जास्त घाबरवतो, असं मानणारी. त्यामुळे पहिल्या दोन भेटी भीतीवरच गेल्या. भीती उतरली, मार्क मात्र होते तिथेच राहिले.

तिसऱ्या भेटीत मी वह्या आणायला सांगितल्या. सुबक अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल शाईत धड्याचं नाव. मी एका कोऱ्या कागदावर इंटिग्रेशनची दोन गणितं लिहिली : एक्स इंटू ई रेज टू एक्स, आणि त्याखाली एक्स इंटू ई रेज टू एक्स स्क्वेअर.

"सोडवू नकोस. सुरुवात कशी करशील, तेवढंच सांग."

बराच वेळ गेला. "दोन्ही बाय पार्ट्सच्या पद्धतीने?"

"एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह काय?"

"टू एक्स... अरे, एक्स तर शेजारीच आहे! दुसरं सब्स्टिट्यूशनने." मग वहीतल्या लाल अक्षरांकडे बघत ती हळूच म्हणाली, "ताई, घरी मला हे कधी ठरवावंच लागत नाही. वर लिहिलेलंच असतं."

इतकी वर्षं 'सुचत नाही' हे मी घबराटीचं लक्षण म्हणून ऐकत आले होते. त्या दिवशी कळलं, पोरं अक्षरशः खरं सांगत होती. सोडवण्याचा सराव भरपूर, पद्धत ओळखण्याचा शून्य. त्या क्षणापासून माझी प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलली, आणि त्याचा मला आनंद आहे.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीत गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० गणितं असतात, त्यात अकरावीचीही, आणि एकाच्याही डोक्यावर धड्याचं नाव नसतं. म्हणून नवा धडा शिकताना सलग गणितं जरूर करा, पण तो एकदा हाताखालून गेला की त्याची गणितं इतर धड्यांच्या गणितांत मिसळा. त्या मुलीने श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, प्रोबॅबिलिटी अशा सगळ्या धड्यांतल्या गणितांच्या चिठ्ठ्या टाकल्या. रोज दहा काढायच्या, दहांची फक्त पहिली पायरी सांगायची, तीनच पूर्ण सोडवायची. पद्धत कशावरून ओळखली, ते चिठ्ठीमागे लिहायचं. उदाहरणार्थ, पाच लाल, तीन निळे चेंडू, दोन उचलले, किमान एक लाल असण्याची शक्यता किती? 'किमान' दिसलं की उलटं मोजावं : २८ जोड्यांपैकी फक्त निळ्या ३, म्हणून उत्तर २५/२८. चुकलेली चिठ्ठी चार दिवसांनी पुन्हा डब्यात.

दुसऱ्याच आठवड्यात आईंचा फोन आला. "ताई, आधी दहातली आठ बरोबर यायची, आता पाचच येतात. आपलं काही चुकतंय का?" मिसळल्यावर सुरुवातीला असं होतंच. मी त्यांना महिनाभर आकडा विचारू नका म्हणाले, आणि त्यांनी ते पाळलं. माझ्या मते निम्मं काम त्यांनीच केलं.

जानेवारीत ती डबा घेऊनच आली. जुन्या चिठ्ठ्यांमागे 'सरांनी असंच केलं होतं' लिहिलेलं होतं. नव्यांमागे होतं : 'एक्स शेजारी आहे', 'किमान दिसलं'.