सूत्रे पाठ असूनही घूर्णन गती आणि सापेक्षतेची गणिते का अडतात?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी घूर्णन गती (वस्तूचे अक्षाभोवती फिरणे) आणि विशिष्ट सापेक्षता (वेगानुसार काळ आणि लांबी कशी बदलते ते सांगणारा सिद्धांत) एकाच सत्रात आली आहेत, सूत्रे पाठ आहेत, तरी गणिते सुटत नाहीत, मग अभ्यास कसा करावा, असे आपण विचारले आहे. नागपुरात अनेक वर्षे याच वर्गाला शिकवत असल्यामुळे ही अडचण माझ्या चांगल्या ओळखीची आहे. माझ्या मते दोन्हीकडे विद्यार्थी एकाच जागी अडखळतो : ‘कशाच्या सापेक्ष?’ हे न ठरवताच तो सूत्र मांडू लागतो.

सक्करदऱ्याला माझ्याकडे येणाऱ्या मुलांसमोर मी एक फळी तिरकी ठेवतो आणि तिच्यावरून काचेची गोटी व बांगडी एकदम सोडतो. दोन्ही न घसरता घरंगळल्या, तर गोटीच आधी खाली पोहोचते. मध्यातून जाणारा अक्ष घेतला तर अज्ञात घर्षणबल समीकरणात येते आणि ते काढून टाकण्यासाठी दुसरे समीकरण लागते. परंतु फळीला टेकलेल्या बिंदूतून जाणारा अक्ष घेतला, की घर्षणाचे बलाघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) शून्य होते. त्या अक्षाभोवती गोटीचे जडत्व आघूर्ण (फिरण्यातील बदलाला होणारा विरोध), वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या ७/५ पट आणि बांगडीचे २ पट असते. म्हणून गुरुत्व त्वरणाचा उताराच्या दिशेचा जो घटक, त्याच्या ५/७ पट त्वरण गोटीला मिळते, तर बांगडीला त्या घटकाच्या निम्मेच. वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही उत्तरातून निघून जातात, हे मुलांना सहसा खरे वाटत नाही. म्हणून मी लहान-मोठ्या गोट्याही सोडून दाखवतो.

सापेक्षतेत अक्षाची जागा संदर्भचौकट, म्हणजे निरीक्षक जिथून मोजमाप करतो ती चौकट, घेते. वातावरणात वर निर्माण होणाऱ्या म्यूऑन या अल्पायुषी सूक्ष्म कणाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते, म्हणजे प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगानेही त्याने सुमारे ६६० मीटरच जायला हवे. जमिनीवरील आपल्या चौकटीतून मात्र त्याचे आयुष्य १५.८ पट लांबते आणि तो सरासरी १०.४ किलोमीटर जातो. म्यूऑनच्या चौकटीत त्याचे आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच राहते, पण तेच १०.४ किलोमीटर आकुंचन पावून ६६० मीटर होतात. परीक्षेत अनेक जण कालविस्तार (आयुष्य लांबणे) आणि लांबीचे आकुंचन दोन्ही एकाच चौकटीत लावतात आणि १५.८ ने दोनदा गुणून बसतात. त्यामुळे पहिल्या ओळीत ‘जमिनीवरील निरीक्षक’ किंवा ‘म्यूऑनसोबतचा निरीक्षक’ असे लिहा, आणि घूर्णनाच्या गणितात त्याच जागी अक्षाचे नाव लिहा. सूत्र त्यानंतरच्या ओळीत येऊ द्या.