मोरचूद, झिंक, हिराकस, जिप्सम : एकत्र घालू का? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

नमस्कार शेतकरी मित्रांनो, या वेळी बरेच प्रश्न रासायनिक क्षारांवरच आलेत. झिंक सल्फेट आणि डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) एकाच टाकीत घातलं तर पाणी दुधासारखं झालं, हिराकस टाकूनही पानं पिवळीच राहिली, बोर्डोनं (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं बुरशीनाशक) पानं करपली, चोपण जमिनीला (जिच्यात सोडियम जास्त झालंय) चुना टाकू की जिप्सम, तुरटीनं खारं पाणी गोडं होतं का. सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, कारण मूळ गोष्ट एकच आहे. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे दोन भाग वेगळे होतात आणि टाकीत दुसरा कुणी असेल तर त्याच्याशी जोडी जमवतात, त्या नव्या जोडीचा पदार्थ विरघळणारा निघाला तर ठीक, नाहीतर तळाला गाळ आणि नोझल चोक.

आता ते दुधाळ पाणी. झिंक सल्फेटमधलं झिंक आणि डीएपीमधला फॉस्फेट एकत्र आले की झिंक फॉस्फेट होतं, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणजे त्या पांढऱ्या साक्यात तुमचं झिंकही अडकलं आणि स्फुरदही, पिकाला दोन्हीतलं फारसं काही मिळत नाही. कितीही ढवळा, ते परत पाण्यात जात नाही. दोन्ही वेगवेगळ्या वेळी द्या, मध्ये काही दिवस जाऊ द्या. कॅल्शियम नायट्रेटचंही असंच आहे, ते फॉस्फेटवाल्या खतात गेलं की कॅल्शियम फॉस्फेटचा गाळ, आणि कुठल्याही सल्फेटच्या दाट द्रावणात गेलं की चक्क जिप्सम तयार होतं, तेही ड्रिपच्या लाईनीत. म्हणून फर्टिगेशनवाले (ड्रिपमधून खत देणारे) कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी ठेवतात. शंका असेल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात दोन्ही कालवा, अर्धा तास ठेवून बघा, गढूळ झालं की समजा पंपात जायला नको.

हीच गंमत उलटीकडून कामाला येते. झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ होते, दोन्हीचे खडे पांढरे, नुसतं बघून मलाही फरक सांगता येणार नाही. थोडं झिंक सल्फेट एका ग्लासात विरघळवा, दुसऱ्यात डीएपी विरघळवून गाळून घ्या, मग हे त्यात ओता. दाट पांढरा साका बसला तर झिंक आहे, पाणी तसंच राहिलं तर शंका घ्यायला जागा आहे. अर्थात थोडं झिंक आणि बाकी भेसळ असला प्रकार या टेस्टमध्ये पकडला जात नाही, तिथं लॅबच लागते. आणि पिशवीवर टक्के वाचत जा हो, सात पाण्याचं (खड्यात पाण्याचे सात रेणू असलेलं) झिंक सल्फेट 21 टक्के झिंकचं असतं आणि एका पाण्याचं 33 टक्क्यांचं, नाव दोघांचं सारखंच. एकाचा डोस बघून दुसरं टाकलं की दीडपट माल गेला. फवारणीला सात पाण्याचं असेल तर लिटरला 5 ग्रॅम, सोबत 2.5 ग्रॅम चुना, नाहीतर कोवळी पानं जळतात.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, ताजा असताना फिकट हिरवा असतो. चुनखडीच्या जमिनीत टाकला की त्यातलं लोह थोड्याच वेळात गंजाच्या रूपात जातं, मुळांना ते घेता येत नाही. म्हणून जमिनीत पोतं ओतूनही पानं पिवळी. पिशवीतच तपकिरी पडला असेल तर तो निम्मा वाया गेलाय असं धरा. फवारणीतून द्या, लिटरला 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम सायट्रिक अॅसिड, तयार केलं की लगेच मारा. जमिनीतूनच द्यायचं तर चुनखडीत ईडीडीएचए चिलेट (लोहाला धरून ठेवणारा पदार्थ) टिकतं, ईडीटीए तिथं फारसं टिकत नाही.

बोर्डोवर जरा जास्त लिहितो कारण चुका इथंच जास्त होतात. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो भागातलं, रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोकांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडायचे, मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं 1882 मध्ये बघितलं की त्याच वेलींवर केवडा (बुरशीसारखा पानांचा रोग) नाहीये, मग प्रयोग करून 1885 मध्ये त्यानं ते छापलं. एक टक्क्याचं प्रमाण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, चुना वेगळ्या ड्रममध्ये फोडून गाळून घ्या, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ढवळत ढवळत ओता. लोखंडी बादली अजिबात नको, लोखंड तांब्याला हाकलून स्वतः द्रावणात जातं आणि तांबं बादलीला चिकटून बसतं. पण याच गुणाचा चाचणीला उपयोग होतो, घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं मिश्रणात मिनिटभर बुडवा, तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घाला. पानं करपली म्हणणाऱ्या बहुतेकांनी ही चाचणी केलेली नसते, आणि चुना जुना असतो. उघडा पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत खडूसारखा होतो, वजनाला किलो भरतो पण काम अर्धं पण करत नाही. मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं कीटकनाशक कालवू नका. पानं तासन्‌तास ओली राहतील अशा थंड दमट हवेत मारलं तर चांगलं मिश्रणही चटका देतं. उरलेलं विहिरीत किंवा तळ्यात ओतू नका, तांबं माशांना विष आहे. डोळ्याला चष्मा लावा, मोरचूद डोळ्यात गेला तर गंमत नाही.

चोपण जमिनीला जिप्सम. चुन्यानं सामू (पीएच) अजून वाढतो, तो आम्लधर्मी जमिनीचा उपाय. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला बाजूला करतं, आणि सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं. पण खाली जायला वाट पाहिजे, चर नसतील तर ते तिथंच राहील आणि तुम्ही जिप्समला नावं ठेवाल. जमीन नुसती खारवट असेल, सोडियम जास्त नसेल, तर जिप्समवर खर्च करू नका, निचरा आणि गोडं पाणी एवढंच लागतं. म्हणून आधी माती तपासा.

तुरटीनं पाण्यातला गाळ बसतो, खारेपणा जात नाही. विरघळलेलं मीठ तुरटी धरतच नाही.

पालाशाबद्दल एका ताईंनी विचारलंय, एमओपी (पोटॅशियम क्लोराइड) की एसओपी (पोटॅशियम सल्फेट). एमओपीत पालाश 60 टक्के पण जवळपास निम्मं वजन क्लोराइडचं, तंबाखूसारख्या पिकाला आणि आधीच खाऱ्या जमिनीला ते सोसत नाही, तिथं 50 टक्क्यांचं एसओपी घ्या, सल्फर पण मिळतं. बाकी पिकांना, चांगला निचरा असेल तर एमओपी चालतं, उगाच महागाचं घेऊ नका.

अमोनियम सल्फेट चुन्यात कालवू का, असंही विचारलंय. नाही. नाकाला झोंबणारा वास येईल, तो अमोनिया म्हणजे तुमचं नत्र हवेत चाललंय.

बोरॅक्सचा डोस अंदाजानं घेऊ नका, कमतरता आणि विषबाधा यांत बोरॉनचं अंतर फार थोडं असतं, वजन काट्यावर करा आणि तेच पीक पुढच्या हंगामात घेणार असाल तर दिलेलं प्रमाण वहीत लिहून ठेवा.