तळ्यावरची हिरवी साय

तळं हिरवं दिसलं की लगेच "शेवाळ आलंय" म्हणून मोकळा होऊ नकोस. आधी काठी घाल पाण्यात. दोऱ्यांसारखं गुंडाळून वर आलं तर बहुधा साधं शेवाळ. हिरवा रंग सांडल्यासारखं पसरलं तर नील-हरित शैवालाचा संशय धर. नाव शैवाल, पण जात जिवाणूची. त्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात, म्हणून वारा पडला की ते वर तरंगतात आणि काठाला साय धरते.

कोकणात मार्च ते मे डोळ्यात तेल घालून बघ. पाणी 25 अंशांच्या वर, वहाळ आटलेले. पण खरी गोम तळाशी आहे. आपल्या जांभ्याच्या मातीतलं लोह फॉस्फरस, म्हणजे या शैवालाचं खत, धरून ठेवतं. कुजणारा पाला खाताना दुसरे जिवाणू तळाचा ऑक्सिजन संपवतात, मग लोहाची ती पकड सुटते. म्हणून सांडपाणी थांबवलं तरी जुना गाळ खत पुरवत राहतो. नुसतं वरचं पाणी तपासू नकोस. पहाटे तळाजवळचा ऑक्सिजन मोज.

कुणी मोरचूद टाका म्हणेल, ऐकू नकोस. या शैवालाच्या पेशी फुटतात नि त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं. पाणी उकळूनही ते जात नाही, हे वाडीत घरोघरी जाऊन सांग. साय असेपर्यंत गुरं तिथे पाण्यावर नेऊ देऊ नकोस. आणि नमुना घेताना हातमोजे घाल, विसरू नकोस.