हार्डविक हॉलच्या भिंतींत एवढी काच कशी मावली?
इंग्लंडच्या डर्बिशायर परगण्यातील हार्डविक हॉल या भव्य घराला एवढ्या प्रचंड खिडक्या ठेवता आल्या, कारण त्याची धुराडी बाहेरच्या भिंतींऐवजी आतल्या भिंतींत बांधली असून त्यामुळे बाहेरच्या भिंती कमकुवत न होता खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या. १५९० च्या दशकात हे घर बांधवून घेणाऱ्या बेस ऑफ हार्डविक या अतिश्रीमंत विधवेला त्या काळी महाग असलेली काच परवडत होती. वरच्या मजल्यांकडे छताची उंची वाढत जाते, म्हणून सर्वांत भव्य दालने सर्वांत वर आहेत, आणि माझ्या मते या रचनेचे खरे सौंदर्य तेच आहे. मात्र प्रत्येक खिडकीमागे खोली असेलच असे नाही. दर्शनी भागाची सममिती राखण्यासाठी काही खिडक्या नुसत्या देखाव्यापुरत्या बसवलेल्या आहेत.