ओव्हन तापत नाही? उघडण्याआधी एवढं बघा

आधी घड्याळ बघा, हसू नका. बऱ्याच ओव्हनमध्ये वीज जाऊन आली की वेळ लावेपर्यंत हीटिंग सुरूच होत नाही. टायमर 'ऑटो'वर अडकला असेल तरी तेच.

ते ठीक असेल तर प्लग काढा. थेट वायरिंग असेल तर मेन एमसीबी बंद करा आणि टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, मल्टीमीटरने (व्होल्ट, ओहम मोजणारं यंत्र) खात्री करा. (मायक्रोवेव्ह असेल तर इथेच थांबा. त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असतो.)

सुरुवातीला संशय कॉइलवर, म्हणजे ओव्हन तापवणाऱ्या नळीवर घ्या. फुगलेली, तडकलेली असेल तर डोळ्यांनाच दिसते. नाहीतर तिची एक वायर सोडवून मल्टीमीटरने ओहम (विजेला होणारा रोध) मोजा: २३० व्होल्टवर चालणारी २००० वॉटची कॉइल साधारण २६ ओहम दाखवते. अनंत (मीटरवर बहुधा 'OL') दाखवलं तर कॉइल गेली. टर्मिनल आणि कॉइलचं धातूचं आवरण यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. दिसला तर, वीज ट्रिप होत असेल, त्याचं कारण सापडलं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- वायर काढण्याआधी फोटो न काढणं.
- सुटलेली वायर मागे पॅनेलच्या आत निसटू देणं. मग सगळा ओव्हन बाहेर ओढा!
- साधी वायर आणि इन्सुलेशन टेप वापरणं. आतल्या उष्णतेत दोन्ही वितळतात.
- न मोजता महागडा कंट्रोल बोर्ड मागवणं.

थर्मोस्टॅटचं (तापमान राखणारा भाग) कॅलिब्रेशन, म्हणजे तो अचूक जुळवणं, सध्या राहू द्या. कॉइलचं रीडिंग आणि मॉडेल नंबर कळवा, पुढचं मग बघू.