मेंढीच्या नाकातली अळी आणि बकरीच्या जखमेतले किडे

प्रश्न : आमच्या मेंढ्या बरेच दिवस झाले शिंकून राह्यल्या, नाकातून घट्ट शेंबूड येते, कधी त्यात रक्ताची तार. भर दुपारी चरायचं सोडून एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभ्या राहतात. परवा एक जोरात शिंकली तर नाकातून जाडा पांढरा किडा पडला, पाठीवर काळे पट्टे. गावात म्हणतात मेंदूतला किडा हाय, मेंढी गेली आता. विकून टाकू का? (एक मेंढपाळ, कारंजा तालुका)

उत्तर : भाऊ, विकू नका. तो किडा मेंदूतला नाही, नाकातल्या माशीची अळी आहे. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, राखाडी रंगाची ही माशी चावत नाही, काही खातही नाही, अंडीसुद्धा घालत नाही, उडता उडता मेंढीच्या नाकपुडीवर जिवंत अळ्या सोडते आणि निघून जाते. सोडताना अळी जेमतेम 1 मिलिमीटरची असते, ती नाकातून वर सरकत कपाळातल्या हाडाच्या पोकळीपर्यंत जाते, तिथं शेंबडावर वाढून 2 ते 3 सेंटीमीटरची होते, मग शिंकेसरशी खाली पडते, मातीत शिरते अन् काही आठवड्यांनी तिची पुन्हा माशी. म्हणून शिंकेतून पडलेली अळी दिसली की तिथंच चिरडायची. मेंढ्या मुंडकी लपवतात ते ह्या माशीच्या भीतीनं, आणि ह्या लपवालपवीत चरणं बुडतं, वजन उतरतं, खरं नुकसान तिथं होतं. बकऱ्यांनाही होते, पण मेंढ्यांना जास्त.

मेंदूचं म्हणाल तर तो आजार वेगळा. त्यात कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीचा, म्हणजे चपट्या जंताचा, पाण्यानं भरलेला फोड मेंढीच्या मेंदूत वाढतो, मेंढी एकाच बाजूला गरगर फिरते, मान वाकडी करते, पण नाक बहुधा कोरडं असतं. नाकातल्या अळीनंही कधी कधी मेंढी डोकं झटकते, तोल जातो, म्हणून लोकांची गल्लत होते. आधी नाक बघा. आणि मेलेल्या मेंढीचं मुंडकं कळपाच्या कुत्र्याला कधीच टाकू नका, ते पुरा किंवा जाळा, कुत्र्यालाही जंताचं औषध नेमानं द्या.

औषध आहे आणि चांगलं लागू पडतं. आयव्हरमेक्टिनचं 1 टक्क्याचं इंजेक्शन, 50 किलो वजनाला 1 मिली, म्हणजे 25 किलोच्या मेंढीला अर्धा मिली, आणि ते कातडीखाली द्यायचं, मांसात नाही. वजन अंदाजानं धरू नका, काट्यावर एक-दोन मेंढ्या चढवून बघा. डॉक्टरांना दाखवून सगळ्या कळपाला एकाच वेळी टोचून घ्या, दोन-चार जनावरांना देऊन थांबलात तर बाकीच्यांच्या अळ्या मातीत पडतच राहतील. अळ्या आत मेल्यावर काही दिवस शिंका चालू राहतात, घाबरू नका. दूध घरात किंवा डेअरीला जात असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण ह्या औषधाचा अंश दुधात उतरतो, आणि कटाईला द्यायचं जनावर असेल तर बाटलीवर लिहिलेले दिवस पाळायचेच. हेच औषध पोटातल्या जंतांवरही चालतं, म्हणून उगाच वरचेवर टोचत राहिलं तर पोटातले जंत त्याला दाद देईनासे होतात.

एक गोष्ट स्वतःसाठी ऐकून ठेवा. ही माशी कधी कधी माणसाच्या डोळ्यावरही अळ्या सोडते. डोळ्यात एकदम काहीतरी आदळल्यासारखं झालं आणि मग वाळू गेल्यासारखं टोचत राहिलं तर चोळू नका, त्या अळ्यांना बारीक आकडे असतात, नुसत्या पाण्यानं निघत नाहीत, सरळ डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

प्रश्न : माझी बकरी व्याली, पिल्लू छान होतं, पण बेंबीपाशी ओलं दिसलं अन् दुसऱ्या दिवशी बघते तर किडे वळवळून राह्यले. शेजारच्या भाऊंनी कपाशीवर मारायचं औषध थोडं टाकायला सांगितलं, टाकू का? (एक वाचक ताई, दारव्हा तालुका)

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही, एक थेंबही नाही. फवारणीचं औषध उघड्या जखमेतून थेट रक्तात जातं, एवढंसं पिल्लू तासाभरात तोंडाला फेस येऊन मरू शकतं, आणि त्याला चाटणारी आईही वाचेल असं नाही. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते विष नुसत्या कातडीतून अन् श्वासातून अंगात जाऊन. फोरेट ह्या विषारी कीटकनाशकाचे दाणे जखमेत भरणारेही मी पाहिलेत, कृपा करून हे थांबवा.

असं करा. आजूबाजूचे केस कात्रीनं कापा. टर्पेन्टाईन तेलात कापसाचा बोळा ओला करून पिळा आणि जखमेच्या तोंडाशी 10-15 मिनिटं धरा. मेडिकलमधलं तेल घ्या, रंगाच्या दुकानातला थिनर नको. पिल्लाच्या बेंबीत तेल ओतायचं नाही, जळजळतं. अळ्यांची गुदमर होऊन त्या वर येतात, एकेक चिमट्यानं काढा, आणि घाई करू नका कारण ह्या अळ्या डोकं आत खुपसून मांसात उभ्या बसतात, वरची ओळ निघाली तरी खाली दुसरी असते. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाका, उकिरड्यावर फेकल्या तर आठवड्याभरात त्यांच्याच माश्या होतील. मग पोव्हिडोन आयोडीननं धुऊन मलम लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघा. पिल्लू दूध पीत नसेल, अंग तापलं असेल किंवा छिद्र पोटात खोल गेलं असेल तर घरी थांबू नका, 1962 वर फोन करा, फिरता दवाखाना येतो.

जखमेवरची माशी नाकातल्या माशीहून वेगळी, ती जखमेच्या कडेला एका वेळी शंभर-दोनशे अंडी चिकटवते आणि ती दिवसभरात फुटतात, त्यामुळे काल चांगलं होतं अन् आज किडे, असं तुमच्यासारखं सगळ्यांचंच होतं. व्याल्याबरोबर नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, ती वाळेपर्यंत रोज उचलून बघा, वार लगेच पुरून टाका. पावसाळ्यात कानाला टॅग मारणं, शिंगं कापणं टाळा, बोकड बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा, तर नस चेपणाऱ्या मोठ्या चिमट्यानं, म्हणजे जखमच होत नाही. मेंढ्यांच्या शेपटीखालची लोकर पावसाआधी कातरून घ्या, तिथं हगवणीचा लेंडा चिकटला की माशी तिथंच बसते. कळप परत आला की बोराटीचा ओरखडा, तारेचं खरचटणं, कुजलेलं खूर, कुत्र्याचा चावा हे हातानं चाचपून बघावं लागतं, लोकरीखालचं नुसतं डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : कडुनिंबाचा धूर, करंजाचं तेल, सीताफळाचा पाला, ह्यानं काम होते का? (मूर्तिजापूर तालुका)

उत्तर : संध्याकाळच्या धुरानं डास-माश्या पांगतात, पण नाकातली माशी भर उन्हात उडते, तेव्हा तिच्यासाठी दुपारी झाडाची दाट सावली जास्त कामाची. करंजाचं किंवा कडुनिंबाचं तेल साफ केलेल्या जखमेच्या भोवती लावा, माशी बसत नाही, मात्र किडे आत असताना नुसतं तेल लावून वाट बघू नका. सीताफळाच्या पाल्याचा लगदा गावोगाव वापरतात, लावायचा तर धुऊन वाटलेला, किडे काढून झाल्यावर. बियांची भुकटी शिंगाच्या किंवा डोळ्याजवळच्या जखमेला चुकूनही नको, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, जनावराच्या तशी लावणाऱ्याच्याही.