कुडकुडतोय ना? कुडकुडू द्या

प्रश्न असा आहे: द्राक्षबागेत अवकाळी पावसानं, गारांनी भिजलेले काका तसेच मोटारसायकलवरून घरी आले, दातावर दात आपटत होते. काकूंनी अंघोळीसाठी बंब पेटवला, शेजारी ब्रँडी घेऊन आला, चुलतभाऊ हातपाय चोळायला बसला. यातलं बरोबर कोण?

खरं सांगायचं तर कुणीच नाही. मी बरीच वर्षं सोलापूरची पोरं हिमालयात ट्रेकला नेतोय. 44 अंशांत वाढलेल्या आपल्या माणसाला थंडी हा आजार वाटतच नाही, पण ओले कपडे आणि वारा एकत्र आले की पंढरपूरच्या शिवारातही हिमालयासारखाच हायपोथर्मिया होतो, म्हणजे शरीराच्या आतलं तापमान धोक्याइतकं घसरतं.

आतलं तापमान 35 ते 32 अंश सेल्सिअस म्हणजे त्याची सौम्य अवस्था. घरातला थर्मामीटर काखेत लावून हे नीट कळत नाही. माणूस धड बोलतोय का, शर्टाची बटणं त्याची त्याला काढता येतायत का, ते बघा. कुडकुडणं हा शरीराचा स्वतःचा बंब. जोरात पेटला की विश्रांतीच्या चार-पाच पट उष्णता देतो. म्हणून कुठल्याही उपायाला मी एवढंच विचारतो, यानं हा बंब विझेल का?

ब्रँडीनं विझतो. कातडीकडचं रक्त वाढतं, अंग गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर जाते. चोळण्यानं फायदा नाही, गारठलेल्या कातडीला इजा मात्र होते. कडक पाण्याच्या अंघोळीत रक्तदाब उतरून माणूस न्हाणीघरातच कोसळू शकतो. तरी काकूंचं पाणी वाया घालवू नका. बाटल्यांत भरा, टॉवेलात गुंडाळा आणि काखेत, छातीवर ठेवा. नुसती बाटली कातडीला लावाल तर भाजेल, कारण गारठलेल्या अंगाला चटका कळत नाही. शेगडी मात्र बंद खोलीत नको, कोळशाचा धूर जीव घेतो.

चहाचा हिशेब गमतीचा आहे. पाव लिटर गरम चहानं 70 किलोच्या माणसाचं तापमान जेमतेम 0.1 अंश वाढतं. तरी द्या, भरपूर साखर घालून, कारण कुडकुडायला सरपण लागतं. गिळताना ठसका लागत असेल तर देऊ नका.

सगळ्यात आधी ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडं करा, डोक्यासकट गुंडाळा. आपली सोलापुरी चादर चालेल, पण ती सुती, ओली झाली की उपयोग संपला. खाली घोंगडी, वर दोन-तीन कोरड्या चादरी. अर्धा तास तरी उठू देऊ नका. एवढ्यावर तासाला अर्धा ते दोन अंश ऊब परत येते.

कुडकुडणं थांबलं आणि बोलणं जड झालं, तर "आता बरं वाटतंय" असं समजू नका. आडवं ठेवा, हळू हलवा आणि 108 ला फोन करा. काका सत्तरीचे किंवा मधुमेही असतील तर तेवढीही वाट बघू नका.